बांधाचा खर्च कोणी करायचा?

गोव्याच्या खाजन शेतीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या यंत्राला ना इंजिन, ना तार, ना बटण. चिऱ्याच्या भक्कम चौकटीत बिजागरीवर लटकणारी लाकडी दारं, एवढाच त्याचा पसारा. त्याला मानस म्हणतात. नदीला भरती आली की बाहेरचं पाणी चढतं, दाराला आत रेटतं आणि दार चौकटीवर घट्ट बसतं. खारं पाणी शेताबाहेर राहतं. ओहोटी लागली, म्हणजे तिकडच्या भाषेत सुकती आली, की बाहेरची पातळी उतरते. आत साठलेल्या पाण्याचा जोर वाढतो आणि तेच दार बाहेर ढकललं जातं. शेतातलं पाणी नदीला मिळतं. दिवसाला दोन भरत्या आणि दोन सुकत्या, पावसाळा असो की उन्हाळा. माणसाने बघायचं ते इतकंच की दारात ओंडका अडकला नाही ना, फळी कुजली नाही ना, चौकटीचा चिरा निखळला नाही ना.

या दारामागची जमीन निसर्गाने शेतीसाठी दिलेली नव्हती. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठचा तो खारफुटीचा पट्टा होता. भरतीला पाण्याखाली जाणारा, सुकतीला नुसता चिखल. गोव्याच्या नद्या आखूड, आणि समुद्राकडच्या टप्प्यात जवळजवळ सपाट. त्यामुळे उन्हाळ्यात खारं पाणी त्यांच्यातून कित्येक किलोमीटर आत चढतं. त्या चिखलाला माती, चिरे, पेंढा आणि बांबूचे बांध घालून माणसांनी शेतं काढली. आज गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर धरली जाते. यातली बरीचशी शेतं भरतीच्या रेषेपेक्षा खाली आहेत. बांध गेला की शेत गेलं, असा सरळ हिशेब आहे.

हे सगळं किती जुनं? फोंड्याजवळच्या बांदोडा गावी सापडलेला अनिर्जितवर्मन राजाचा ताम्रपट साधारण सहाव्या शतकातला मानतात. त्यात खाजन जमिनीच्या दानाची नोंद आहे, आणि खारं पाणी अडवून ती लागवडीला आणण्याची गोष्टही आहे. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था चांगली मुरलेली होती. अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या. 'फोराल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या दस्तात गावकऱ्यांचे हक्क आणि कर्तव्यं दोन्ही नोंदली आहेत. राज्यं बदलली, धर्म बदलले, देवळं हलवावी लागली, पण मानशीचं दार उघडत-मिटत राहिलं.

आता मातीचा बांध दीड हजार वर्षं टिकला, असं कोणी म्हणालं तर त्याला एकदा पावसाळ्यात बांधावर उभं करावं. मातीचा बांध टिकत नसतो. लाटा त्याला बाहेरून खातात. म्हणून बाहेरच्या अंगाला चिऱ्याचं पिचिंग आणि त्याच्याही पुढे खारफुटीची रांग राखलेली असते, लाटेचा पहिला तडाखा तिने घ्यावा म्हणून. आतून त्याला कुर्ल्या पोखरतात. कुर्लीचं बीळ अंगठ्याएवढं असतं. भरतीला त्यातून शेताच्या बाजूला पाणी झिरपायला लागतं. पाणी स्वच्छ येतंय तोवर धीर असतो. गढूळ यायला लागलं की बांधाच्या पोटातली माती वाहू लागली असं समजायचं. मग पुढच्या भरतीपर्यंतचे काही तास हातात असतात. बीळ मोकळं खणायचं, खाडीतला चिकट चिखल आणि पेंढा त्यात कोंबायचा आणि पायाने तुडवून घट्ट करायचा. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणात हेच काम एका दिवसाने राहिलं तर अंगठ्याएवढ्या भोकाची होडी जाईल एवढी वाट होते. मग पेंढ्याने भागत नाही, लाखांची निविदा काढावी लागते.

तेव्हा टिकून राहिली ती दुरुस्ती. दरवर्षी आणि प्रत्येक उधाणाला केलेली, कोणाच्या नजरेत न भरणारी, फोटो काढण्यासारखं काहीही नसलेली दुरुस्ती. ती इतकी शतकं लोक का करत राहिले, हा या लेखाचा प्रश्न आहे. 'शाश्वत विकास' या विषयावर १९८७ च्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालापासून जगात ढिगाने कागद छापले गेले. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आपल्या गरजा भागवाव्यात, ही त्यातली व्याख्या आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण जी पिढी अजून जन्माला आलेली नाही तिच्यासाठी आजच्या माणसाने खिशातून पैसा का काढावा, याचं उत्तर व्याख्येत नाही. खाजनात ते होतं, आणि ते वहीत होतं.

ते कसं, हे कळायला खाजनाचं वर्ष बघावं लागेल. मे महिन्यात नांगरलेली ढेकळं उन्हात तापत पडलेली असतात. जूनच्या पहिल्या पावसाने त्यातलं मीठ विरघळतं आणि सुकतीला मानशीवाटे नदीत जातं. पुरेसं मीठ धुऊन गेलं की मोड आणलेलं बी पेरायचं. इथे नेहमीचा भात चालत नाही. कोरगुट आणि आसगो या इथल्या जुन्या जाती. उंच वाढणाऱ्या, थोडं मीठ आणि थोडं बुडणं दोन्ही सोसणाऱ्या. त्यांचं उत्पन्न कमी, पण खारं पाणी एकदा शिरून गेलं तरी काहीतरी हाती लागतं. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' या नावाच्या खारट जमिनीत तगणाऱ्या जाती काढल्या आहेत. ऑक्टोबरात कापणी होते. त्यानंतर कुठे भाजी, कुठे मिठागरं, तर कुठे मानशीतून थोडं खारं पाणी आत घेऊन मासळी. मानशीच्या आत पाण्याचा एक खोलगट भाग असतो, त्याला पोंय म्हणतात. शेवटो, काळुंद्र, सुंगटं आणि चोणक यांचं ते माहेरघर. चोणक म्हणजे आपल्या अलिबाग-पेणकडचा जिताडा. सुकतीला मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की बाहेर पडणारी मासळी त्यात येते. एका रात्रीत जाळ्यात येणारा पैसा पाहिला की भाताची शेती कशाला करायची, असा प्रश्न कोणालाही पडेल.

म्हणूनच हे जाळं लावण्याचा हक्क कोणा एकाचा नसे. मानशीची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव. आलेला पैसा गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या खात्यात जायचा. पोर्तुगीज अमदानीत याच गावकरीला 'कोमुनिदाद' म्हणू लागले. शेतांचे खंडही त्याच खात्यात. बांधाची डागडुजी, मानशीची नवी फळी, देवळाचा किंवा चर्चचा खर्च, सरकारी सारा, सगळं त्यातून भागवायचं. आणि वर्षअखेर जे उरेल ते गावकऱ्यांमध्ये वाटायचं. या वाटपाला जोण म्हणतात. काही कोमुनिदादींतून अजूनही जोण निघतो, बहुतेक ठिकाणी नावापुरता.

या क्रमात सगळी गोम आहे. आधी दुरुस्ती, मग वाटप. गावकरी काही साधू नव्हते. नातवंडांच्या प्रेमाने त्यांचे डोळे भरून येत होते म्हणून बांध टिकले, असं मला वाटत नाही. वाटपाचा पैसा दुरुस्तीच्या पुढे सरकूच शकत नव्हता, आणि भाताचं उत्पन्न व मासळीचं उत्पन्न एकाच वहीत येत होतं, म्हणून ते टिकले. मासळीसाठी खारं पाणी वाजवीपेक्षा जास्त दिवस आत ठेवलं तर खंड बुडायचा आणि तोटा त्याच लोकांना लागायचा. लोभाला आवर घालायला प्रवचनाची गरज पडत नव्हती. शिवाय बांधाच्या कामासाठी त्या त्या खाजनातल्या शेतवाल्यांची 'भौस' नावाची वेगळी संघटनाही असे, आणि ज्याचं जेवढं शेत तेवढा त्याच्यावर खर्चाचा वाटा.

इथवर वाचून कोणाला जुना काळ फार गोड वाटू लागला असेल तर थांबायला हवं. गावकरीच्या वहीत नावं होती ती मूळ घराण्यांतल्या पुरुषांची. बाई गावकार होऊ शकत नव्हती. बांध ज्यांनी घातले, चिखलात उभं राहून भोकं ज्यांनी बुजवली, ते गावडे, कुणबी आणि इतर कष्टकरी बहुतेक ठिकाणी त्या वहीच्या बाहेरच होते. कूळ म्हणून राबायचे, मुंडकार म्हणून भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत झोपडी घालून राहायचे, आणि मालकाची मर्जी फिरली की उठायचे. समाजाने भावी पिढीचा विचार केला असं आपण म्हणतो, तेव्हा कोणाची पिढी, हे विचारलंच पाहिजे. जोणाच्या वाटपात कुळाचा मुलगा कधीच नव्हता.

म्हणून पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर १९६४ साली गोव्यात कूळ कायदा आला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, यात चुकलं काही नाही. ते आधीच व्हायला हवं होतं. पण जमीन वाटताना बांधाचं काय करायचं, हा विचार अर्धाच झाला. अगदी झालाच नाही असंही नाही. १९७५ मध्ये कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले. त्यानुसार प्रत्येक खाजनातल्या शेतकऱ्यांची संघटना व्हायची होती. तिने बांध आणि मानस सांभाळायची, मामलेदाराने तिच्यावर देखरेख ठेवायची. कागदावर ही भौसच होती, फक्त लोकशाहीतली.

प्रत्यक्षात वही फाटली. शेत एकाच्या नावावर, मानस संघटनेकडे, मासळीचा हक्क लिलाव घेणाऱ्याकडे, तर मोठं खिंडार पडलं की सरकारकडे अर्ज. कोमुनिदाद म्हणते, जमीनच गेली तर बांध आम्ही का बघावा. नव्या मालकाची शेतं पिढीगणिक तुकडे होत लहान झालेली. मुलं बोटीवर, आखातात, लिस्बनमार्गे इंग्लंडात, नाहीतर पणजीत नोकरीला. तुकडा एवढासा असला की भाताचं उत्पन्न मजुरीतच जातं. अशा वेळी लिलाव घेणारा पुढे येतो. त्याला हंगामभर खारं पाणी हवं असतं, शक्यतो वर्षभर. शेतवाल्याला त्याच्याकडून रोख रक्कम मिळते, न नांगरता, न पेरता. मग मानशीची फळी वेळेवर पडत नाही, बांधाला पडलेलं भोक कोणी बुजवत नाही. आणि कधीकधी ते आपोआप पडलं की पाडलं, यावर गावात दोन मतं असतात. खाजनावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी हे जाणूनबुजून फोडणंही नोंदलं आहे.

कोळंबीचा धंदा तेजीत आला तेव्हा हे आणखी वाढलं. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातल्या आधुनिक कोळंबी प्रकल्पांवर बंदी घातली आणि पारंपरिक पद्धतीला मोकळीक ठेवली. पण पारंपरिक म्हणजे काय, तर भाताबरोबरची मासळी. भाताशिवायची मासळी ही परंपरा नव्हे, जुन्या दाराने चालवलेला नवा धंदा आहे.

त्यात बाहेरचे घावही आहेत. लोहखनिजाची तेजी होती तेव्हा मांडवी-जुवारीतून बार्जेसची रांग चालायची. त्यांच्या लाटांनी दोन्ही काठचे बांध खाल्ले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या त्या इतर कारणांनी. बांधांचं नुकसान कोणी भरून दिलं नाही. कोकण रेल्वेचा भरावही खाजनांतून गेला. मुंबईहून गोव्याला जाताना थिवी सुटलं की करमळीपर्यंत खिडकीबाहेर जे सपाट हिरवं आणि पाणथळ दिसतं, तिथे एकदा नीट बघा. काही शेतं पिकलेली, काही नुसत्या पाण्याची, आणि काहींत खारफुटी दाट माजलेली.

ही खारफुटी म्हणजे या गोष्टीतला सगळ्यात अवघड पेच. बांधाच्या बाहेर ती रक्षक आहे, मासळीचं पाळणाघर आहे, तिला हात लावता कामा नये. पण बांधाच्या आत शेतात ती उगवली तर त्याचा अर्थ इतकाच की या शेतात खारं पाणी येऊन काही वर्षं झाली आणि कोणीही आलं नाही. एकदा ती वाढली की कायद्याचं संरक्षण तिला आपोआप मिळतं आणि शेतकऱ्याला आपल्याच शेतात कोयता लावता येत नाही. पर्यावरणवाल्यांना शेतकरी झाडं तोडणारा वाटतो आणि शेतकऱ्याला पर्यावरण हा शत्रू वाटू लागतो. दोघांच्या भांडणात तिसरा वाट बघत उभा असतो: पीक नाही, पडीक आहे, मग जमिनीचा वापर बदलून घ्या म्हणणारा. किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजनांचे नकाशे करावेत, तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असं गोव्यासाठी खास लिहिलं गेलं. गोवा विधानसभेने २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. त्याच सुमारास नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९-अ खाली जमिनीचे झोन बदलण्यावरून राज्यभर वाद पेटला होता. एका हाताने कुलूप, दुसऱ्या हाताने किल्ली. आणि खरं सांगायचं तर विक्रीबंदीने खरेदीदार अडतो, खारं पाणी अडत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं गोव्याचं वाटत असेल, तर त्याने अलिबाग-पेणच्या खारेपाटात जावं. तिथे मानशीला उघाडी म्हणतात आणि बांध फुटला की 'खांड पडली' म्हणतात, समुद्र तोच. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये 'शिलोत्री मणा'ची नोंद आहे. बाहेरचा बांध राखण्यासाठी कुळांनी खंडाशिवाय वेगळं द्यायचं ते भात. म्हणजे इथेही दुरुस्तीसाठी वेगळी थैली होती. पण ती थैली खोताच्या, शिलोत्रदाराच्या हातात होती आणि तो तिचा हिशेब कुळाला देत नव्हता. याच खारेपाटातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी; डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. सहा वर्षं उपाशी राहून लढलेल्या या संपाने कूळ कायद्याची वाट मोकळी केली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

१९४८ साली मुंबई राज्यात कूळ कायदा झाला आणि त्याच साली खार जमिनींचाही कायदा झाला. जमीन कुळाकडे गेली, बांध सरकारच्या खार जमीन मंडळाकडे गेला. पुढे महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा खारभूमी विकास कायदा केला. गोव्याने बांध शेतकऱ्यांच्या संघटनेला दिला पण रोजच्या डागडुजीचा पैसा दिला नाही. महाराष्ट्राने बांध खात्याला दिला आणि शेतकऱ्याला बघ्या केला. आता खांड पडते उधाणाच्या रात्री. मग पंचनामा, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निविदा. तोवर दोन-चार उधाणं येऊन जातात आणि शेत दोन-तीन पावसाळे तरी भाताला नालायक होतं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या 'पनवेल' मालिकेतल्या भाताच्या जाती दिल्या, त्यांचा उपयोगही झाला. पण समुद्रच आत येऊन बसला तर बी काय करणार? पूर्वी गावातले लोक टोपली-फावडी घेऊन रात्री बांधावर जायचे. आता गेले तर ठेकेदाराच्या कामात हात घातला असं होतं. खारेपाटातही ओसाड शेतात कांदळवन वाढलं आणि शेतकऱ्यांचे तेच वाद सुरू झाले. जमीन अशी निकामी दिसू लागली की मोठ्या प्रकल्पांची नजर पडते. पेणच्या शेतकऱ्यांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत झालेल्या सार्वमतात महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्राबद्दलचं आपलं मत नोंदवलं, ते याच पट्ट्यात.

समुद्रपातळीखालची जमीन कसणारे जगात आणखी आहेत, आणि नेदरलँड्सचं उदाहरण इथे टाळता येत नाही. तिथे तेराव्या शतकापासून वॉटरस्खाप म्हणजे पाणी-मंडळं आहेत. मध्ययुगात तिथला नियम कडक होता. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखता येत नाही त्याने त्यात फावडं रोवून निघून जायचं. जो ते फावडं उपटेल त्याला जमीन मिळायची आणि बांधही त्याच्या गळ्यात पडायचा. आज असं कोणाला हुसकत नाहीत. पण मंडळं आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, आणि त्यांचा कर नगरपालिकेच्या करापेक्षा वेगळा गोळा होतो. तो पैसा पाण्याच्या कामाखेरीज कुठे जात नाही. सरदार गेले, जमीनदार गेले, राजवटी बदलल्या, पण बांधाची थैली त्यांनी दुसऱ्या कुठल्या थैलीत ओतली नाही. तरीही १९५३ च्या वादळात तिथले बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर खर्च वाढला, मंडळं राहिली.

आपल्याकडे आता घाई करायला नवं कारण आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात हा वेग वर्षाला दीड मिलिमीटरच्या आतच होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटरवर गेला. मिलिमीटर ऐकून कोणी घाबरत नाही. पण सपाट खाजनात बांधाच्या माथ्यापासून उधाणाच्या रेषेपर्यंत मुळातच फार अंतर नसतं. शिवाय समुद्राची सरासरी पातळी वाढली की मानशीचं दार बंद राहण्याचा वेळ वाढतो आणि पावसाचं पाणी बाहेर पडायला मिळणारा वेळ कमी होतो. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की आतलं पाणी कुठे जाणार? खाजनाच्या मोकळ्या शेतात ते काही तास थांबू शकतं, कोणाच्या घरात न शिरता. तिथे भराव घालून इमारती केल्या की तेच पाणी तळमजल्यावर येतं. पणजीच्या मळा भागात राहणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही. मुंबईने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस घेतला. तेव्हा मिठी नदीकाठच्या बुजवलेल्या पाणथळ जागांची किंमत शहराने चुकवली.

संगीता सोनक यांनी २०१४ मध्ये खाजन परिसंस्थेवर पुस्तक लिहिलं. नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक कित्येक वर्षं वर्तमानपत्रांतून लिहीत आले. माहितीचा दुष्काळ नाही. सरकारही पैसा देतं, मोठी खिंडारं बुजवायला योजना आहेत. पण सरकारी पैसा खांड पडल्यावर येतो. कुर्लीच्या भोकासाठी अंदाजपत्रक नसतं. त्या भोकाला लागतो एक माणूस, दर भरतीला बांधावरून फेरी मारणारा, ज्याला त्या कामाची मजुरी खात्रीने मिळते.

ती मजुरी कुठून यायची, हे शोधायला लांब जावं लागत नाही. मानशीच्या पावणीत आजही पैसा येतो. तो आधी बांधाच्या खात्यात जावा, बांधाचं वर्षभराचं काम आणि फेरी मारणाऱ्याची मजुरी त्यातून बाजूला काढावी, उरेल ते शेतवाल्यांनी वाटून घ्यावं, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. ज्या खाजनात सलग दोन वर्षं भात पिकला नाही, तिथे मानस लिलावाला काढूच नये. वहीत या वेळी बायकांची नावं असावीत, आणि पूर्वी ज्यांना जोण मिळत नव्हता त्या घरांचीही. हे करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. फार नवा कायदाही लागत नाही. १९७५ च्या नियमांत संघटना आहे, जबाबदारी आहे, मामलेदाराची देखरेख आहे. गोव्यातल्या आणि खारेपाटातल्याही गावाने पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी मानशीचे, उघाडीचे, तळ्याचे किती पैसे आले, आणि त्यातले बांधावर किती गेले?